आर्वीकडची बाई

दवाखान्यात तुम्हाला काय झालं हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "सोबत कोण आहे?" केसपेपरच्या खिडकीवर तेच, वॉर्डाच्या दारात तेच, आणि औषधाच्या दुकानातला पोरगाही तोच प्रश्न टाकतो. कितीतरी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी होते. "मी आहे सोबत," असं ठणकावून सांगायचं आणि पेशंटला घेऊन पुढे सरकायचं, हेच माझं काम.

हे लिहायला मला डोंगरे सिस्टरनी लावलं. त्या आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर. म्हणाल्या, "काकू, छातीची गाठ घेऊन बायका येतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्यांच्यासाठी काहीतरी लिहून द्या." मी म्हटलं, अहो, सातवी शिकलेली बाई मी, मी काय लिहिणार? तर म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." आता बोलायला मला कोणी शिकवायची गरज नाही, आमच्या सगळ्या आंजी गावाला विचारा.

तर बायांनो, औषधांची नावं मी सांगणार नाही. ती डॉक्टर सांगतील, आणि प्रत्येकीची वेगळी असतात. मी सांगणार आहे एकटं पडण्याचं. गाठीपेक्षा मला त्याचंच भ्या जास्त वाटलं होतं.

आधी कोण होते मी

आमचं घर दुकानदाराचं. आंजीत किराणा. मालक गेले तेव्हा मी अगदी तरुण होते, पोरबाळ नव्हतं. ते याच वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात भरती होते. कोणत्या दारातून आत जायचं, रक्त कुठे तपासतात, मोठे डॉक्टर कधी भेटतात, काही काही माहीत नव्हतं. मी या इमारतीतून त्या इमारतीत पळत राहिले. सगळं समजेपर्यंत माणूस हातचा गेला होता.

त्यानंतर गावानं मला एक नाव दिलं. बिचारी. बिचारी मनोरमा. लग्नाच्या घरी मागच्या खोलीत बसवायचं, आणि बोलणं थांबवून "च् च्" करायचं. तुम्हाला सांगते, शिवी परवडली. शिवीला उलटून शिवी देता येते, 'बिचारी'ला काय देणार?

मग एकदा शेजारच्या घरची सून अडली. नवरा बाहेरगावी, सासू घाबरून देवासमोर बसलेली. दवाखान्याचं दार मला माहीत होतं, म्हणून मीच तिला गाडीत घातलं. बाळ-बाळंतीण दोघं जिवंत घरी आली. त्या दिवसापासून लोक माझं दार वाजवू लागले. कोणाचं बाळंतपण, कोणाचा खडा, कोणाच्या सासऱ्याचा मोतीबिंदू. सन नव्वदच्या आगेमागे सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. बिचारी मनोरमा गेली, काकू आली.

खरं सांगते, मला त्यात सुख होतं. पेशंटला ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणतात ना, तेव्हा त्याचे डोळे अर्धवट उघडतात आणि ओळखीचं तोंड शोधतात. ते डोळे माझ्यावर येऊन थांबले की माझा जन्म वाया गेला असं मला वाटत नसे. मी कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नव्हते. लोक म्हणत, काकू देवमाणूस आहे.

विमल म्हणायची, "देवमानूस नाई, हट्टी मानूस हाय."

विमल म्हणजे माझी धाकटी जाऊ. घर, दुकान, पोरं, नवरा, सारं तिच्या अंगावर. मी पेशंट घेऊन निघाले की चार-चार दिवस माझा पत्ता नसे. ती मला तोंडावर काही म्हणत नसे, भांडी आपटायची. आमच्या घरात भांडं आपटलं की समजायचं विमल बोलली. एवढ्या वर्षांत ती दवाखान्यात कधी आली नाही. फिनाइलच्या वासानं तिला मळमळतं.

मागे कोणीच नव्हतं

गाठ मला आंघोळ करताना लागली. दुखत नव्हती, म्हणून सोडून दिली. दुसरीनं असं केलं असतं तर मी तिला चौकात उभं करून झापलं असतं. पण स्वतःच्या अंगाला आपण दुसऱ्याचं समजतो, काय करता.

आमच्या गल्लीतल्या कुंदाला पित्ताच्या खड्यासाठी दाखवायला नेलं होतं. तिला तपासून डॉक्टर मॅडम हात धुवत होत्या, तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, जाता जाता जरा हेही पाहून घेता का?" भाजी घेताना कोथिंबीर मागावी तसं. त्यांनी पाहिलं, दाबलं, परत दाबलं, आणि बोलायच्या थांबल्या. मग सुई घातली. बाहेर कुंदा विचारते, "काकू, इतला उशीर काऊन लागला?" मी म्हटलं, गप्पा मारत होतो.

रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. मॅडमनी माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं.

"काकू, सोबत कोण आहे?"

"कोणाच्या?"

"तुमच्या."

मीही मागे वळून पाहिलं. का पाहिलं, देव जाणे. दार उघडं होतं आणि बाकावर दुसरेच लोक बसले होते.

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, काढावं लागेल, उशीर करू नका. मी विचारलं, भरती कधी व्हायचं, किती दिवस, काय काय आणायचं. दुसऱ्यांसाठी विचारायचे तसंच सगळं नीट विचारलं. मॅडमना वाटलं काकू किती धीराची. धीर कसला? मी त्या वेळी माझ्यासोबत आलेली बाई होते. पेशंट अजून आलाच नव्हता.

पेशंट आला बाहेर, पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर. तिथे बसले आणि रिपोर्टवरचं माझंच नाव परत वाचलं. मरणाचं वाटलं नाही म्हणत नाही, वाटलं. पण त्याहून एक वाईट गोष्ट मनात आली. लोक माझ्याकडे येतात ते मी कामाची आहे म्हणून. उद्या मी पलंगावर पडले, कोणासाठी धावता आलं नाही, तर कोणी येईल का माझ्याकडे? मला फार भीती वाटली. आणि त्या प्रश्नाचं उत्तर कळण्यापेक्षा तो न विचारलेलाच बरा, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

खोटं कसं तोंडातून गेलं

घरी आले तेव्हा विमल कणीक मळत होती. मी म्हटलं, "दवाखान्यात मुक्काम करा लागते मले. बरेच दिवस."

"आता कोनाले नेऊन राह्यल्या?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं हो मी. पण निघालं भलतंच.

"आर्वीकडची एक बाई हाय. छातीत गाठ हाय तिच्या. ऑपरेशन हाय."

"तिच्या घरचे कुठी गेले मंग?"

"तिले कोनी नाई."

विमलचा हात परातीत थांबला. "कोनीच नाई? अव माय." मग तिनं कणकेला जोरात बुक्की मारली. "जा बाप्पा. इथलं तं मी पाह्यतोच, नवीन काय हाय त्यात."

सकाळी एसटीच्या थांब्यावर लोकांनी विचारलं, काकू, आज कोण भरती? मी आर्वीकडची बाई सांगितली. सगळे म्हणाले, चांगलं काम करता काकू. एकानं माझी पिशवी गाडीत चढवून दिली. कोणाला शंकासुद्धा आली नाही. येणार कशी? काकू दवाखान्यात जाते म्हणजे पेशंट दुसरा कोणीतरी असतोच.

पलंगावरून दिसतं ते

मी दवाखान्याचा गाऊन घालून पलंगावर बसले तेव्हा डोंगरे सिस्टर आल्या. त्या नागपूरच्या, अर्धं हिंदी बोलतात. "काकू, ये क्या? तुमच्या पेशंटला बसवा ना वर."

"मीच हाओ पेशंट."

त्या हसल्या. मग कागद पाहिला आणि हसणं थांबलं. नातेवाईक कुठे आहेत म्हणून रागावल्या. मी म्हटलं, येऊन राह्यले मागच्या गाडीनं. म्हणजे घरी सांगितलं की मी सोबत आहे, आणि दवाखान्यात सांगितलं की घरचे येतात. दोन्हीकडे खोटं बोलून मी मध्ये पडले होते, आणि खरं कोणाजवळच नव्हतं.

त्या वॉर्डात मी शेकडो वेळा उभी राहिले असेन. पण निजून कधी पाहिला नव्हता. निजलं की सगळी माणसं उंच होतात. त्यांच्या हनुवट्या दिसतात, नाकं दिसतात, डोळे दिसत नाहीत. ती आपल्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. मीही असंच बोलत आले असेन पेशंटच्या डोक्यावरून. हे मला उभं राहून कधीच कळलं नसतं.

शेजारच्या पलंगावर पवनारच्या सुभद्राबाई होत्या, पोटाच्या दुखण्याच्या. त्यांचे मालक गणपतभाऊ रोज सकाळी यायचे. धाम नदीच्या काठाला त्यांची वांग्याची वाडी. पाणी देऊन, बसनं वर्ध्याच्या स्टँडवर, तिथून दुसऱ्या बसनं दवाखान्यात. येऊन फार बोलत नसत. स्टुलावर बसायचे आणि बायकोचे पाय दाबायचे. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवायचे, आणि पाहायचे.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी परत विचारलं, नातेवाईक? मी काही बोलायच्या आत गणपतभाऊ स्टुलावरून उठले. "मी हावो जी. भाऊ हावो तिचा."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पवनारचे, त्या आंजीच्या."

"मंग? बहिनी दुसऱ्या गावालेच देतो ना जी आपन."

मला आत नेईपर्यंत मी हसत होते. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडणार नाही, आणि फेडायचेही नाहीत, हे आता मला समजतं.

पण त्यांची वाडी होती, परतीची गाडी होती. मला बाहेर आणलं तेव्हा ते गेले होते. माझे डोळे उघडले आणि मी तोंड शोधू लागले. मला ठाऊक होतं मी काय शोधते आहे, इतक्यांच्या डोळ्यांत ते पाहिलं होतं. छताचा पंखा दिसला. सलाइनची बाटली दिसली. एक आया बादली घेऊन गेली. मी डोळे परत मिटून घेतले. सगळ्या आजारपणात तो क्षण मला सगळ्यात जड गेला, कापल्यापेक्षाही.

दोन डबे

आमच्याकडे शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं जातात. आई सकाळी थांब्यावर डबा कंडक्टरच्या हातात देते, तो दांडीला अडकवतो, वर्ध्याच्या स्टँडवर रसवंतीवाल्याजवळ उतरवतो, पोरं तिथून घेऊन जातात. पैसे कोणी घेत नाही. मी विमलला डबा पाठवू नको म्हणून सांगितलं होतं. मी कोणाच्या पेशंटसोबत असले तर ती पाठवतही नसे.

एका सकाळी गणपतभाऊ हातात पिशवी घेऊन आले. "रसवंतीवाला विचारत होता, दवाखान्यात कोन जाते म्हून. आंजीचा डबा हाय. मी म्हटलं, काकू आमच्या बाजूलेच हाय." मग जरा गोंधळून म्हणाले, "निरोप बी हाय. तिखट डबा काकूचा, फिका डबा त्या बाईचा. कोनती बाई जी?"

मी म्हटलं, "दोन्ही माझेच."

तिखट डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी, नेहमीसारखी. फिक्यात मुगाची खिचडी, वरून तूप, शेजारी लिंबाचं गोड लोणचं. मला तिखट तोंडात धरवत नव्हतं. मी खिचडी खाल्ली आणि भाकरी गणपतभाऊंना दिली. दुसऱ्या दिवशी दूधभात. मग सांजा, मग भोपळ्याची मऊ भाजी. रोज दोन डबे, रोज फिक्यात काहीतरी नवीन. विमल कंडक्टरजवळ विचारायची, त्या बाईनं खाल्लं का, आज कशी हाय. कंडक्टर रसवंतीवाल्याला सांगायचा, तो गणपतभाऊंना, आणि गणपतभाऊ मला. आणि मी उलट्या वाटेनं निरोप पाठवायचे, खाल्लं म्हणावं, बरी हाय.

हसू नका, पण मला त्या बाईचा राग येऊ लागला. इतकी वर्षं मी विमलच्या हातचं खात आले. तुम्हाला काय आवडते, असं तिनं मला एकदा विचारलं नाही. आणि ही कोण कुठची, जिला तिनं पाहिलं नाही, तिच्यासाठी सांजा! मी तो सांजा खाताना रडले. सुभद्राबाईंनी पाहिलं. ऑपरेशनच्या बाजूचा, उजवा हात माझा वर जात नव्हता, केसांचा गुंता झाला होता. त्या पोट धरून उठल्या, माझ्या मागे बसल्या आणि वेणी घालू लागल्या. काऊन रडता म्हणून विचारलं नाही. एवढ्यासाठीच मी त्यांना जन्मभर विसरणार नाही.

कुंदा आली

जखम चिघळली. मुक्काम वाढला. रोज पट्टी बदलताना दात आवळून धरायचे. आणि एका दुपारी समोरून कुंदा आणि तिचा नवरा. तिचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, दाखवायला आले होते. मी पटकन उठून बसले, गाऊनवर गुंडाळलेल्या लुगड्याचा पदर गळ्यापर्यंत ओढला, जखमेतलं पाणी काढायची नळी आणि तिची पिशवी चादरीखाली सारली.

"काकू, तुमी? आर्वीच्या बाईचा पलंग हा?"

"हौ."

"कुठी हाय ती?"

"एक्स-रे काढाले नेली."

कुंदानं संत्री उशाशी ठेवली. "तिले द्या." आणि ती माझ्या पायाशी बसली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गावचं माणूस, गावचा आवाज. मी मनात म्हणत होते, पाह्य ना वं माझ्याकडे, नीट पाह्य. ती पाहतच होती. म्हणाली, "काकू, बारीक झाल्या तुमी. लोकायसाठी किती कराल?" आणि लगेच, "काकू, पुढच्या हप्त्यात आमच्या बुढीचे डोळे दाखवाचे हायेत. तुमी इथंच हाय तं नंबर लावून ठेवसान काय?"

मी म्हटलं, "ठेवतो."

तिची काही चूक नव्हती. चांगली पोरगी आहे. मीच वर्षानुवर्षं सगळ्यांना शिकवलं होतं की काकूला काही लागत नाही. ते गेले आणि मी तशीच बसून राहिले, निजले तर खोटं उघडं पडेल असं वाटून. जिन्यावरचा त्यांचा आवाज बंद झाला तरी बसून होते.

तुमच्यापैकी कोणी असं करत असेल तर नका करू. घरी सांगता येत नसेल तर बाजूच्या पलंगाला सांगा. डोंगरे सिस्टरला सांगा, ती रागावते पण ऐकते.

विमल

कुंदानं गावात जाऊन सांगितलं, काकू लय बारीक झाल्या, त्या बाईचं काही खरं दिसत नाही. दोन दिवसांनी विमल वॉर्डाच्या दारात उभी. पदर नाकाला लावलेला, बगलेत माझं धुतलेलं लुगडं. मी झोपलेले होते. लपवायला वेळच मिळाला नाही.

ती आली ती पलंगाच्या कडेला बसली. "उठा. हे लुगडं घ्या. दुपारच्या गाडीनं घरी जा, आंग धुवा, दोन दिवस झोपा. मी थांबतो त्या बाईपाशी. वास सहन करीन. कुठी हाय ती?"

मला खोटं सुचलं. पुन्हा एक्स-रे सुचला. पण ती फिनाइलच्या वासात बसली होती हो, आणि ते मला पाहवलं नाही.

"विमल, तू तिच्याच पलंगावर बसून हाय."

ती उठून उभी राहिली. पलंगावर दुसरं कोणी आहे का पाहू लागली. मग चादर जरा सरकली आणि तिला नळी दिसली. नळी पाहिली, माझी सपाट झालेली बाजू पाहिली.

"आर्वीची बाई..."

"नाई कोनी. मीच हाओ."

मला वाटलं रडेल. ती रडली नाही, पेटली. अख्खा वॉर्ड ऐकत होता.

"इतले दिवस! रोज सकाळी उठून मी कोनाले रांधून राह्यली होती? गावभर सांगत होती, आमच्या ताईनं परकी बाई जवळ केली म्हून. देवापाशी नवस बोलली मी तिच्यासाठी! तिले कोनी नाई, म्हने! कोनी नाई काय तुमाले? मेलो होतो काय आमी?"

"विमल, हळू..."

"नाई बोलत हळू. उद्यापासून डबा बंद. समजलं? बंद!"

लुगडं तिनं पलंगावर टाकलं आणि गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज आला. मागे वळून पाहील असं वाटलं होतं. नाही पाहिलं.

डबा आला नाही

दुसऱ्या दिवशी गणपतभाऊ आले ते रिकाम्या हातांनी. "आज गाडीत डबा नव्हता जी," एवढंच म्हणाले आणि सुभद्राबाईंचे पाय दाबू लागले. मी म्हटलं, हौ, मला माहीत आहे.

ओट्यावर न विचारलेल्या त्या प्रश्नाचं मला उत्तर मिळालं होतं. त्या बाईसाठी सांजा होता, माझ्यासाठी भाकरीचा तुकडा नव्हता. मी भिंतीकडे तोंड केलं. बायांनो, तुम्ही करता ना, तसंच. दवाखान्याचं जेवण आलं, परत गेलं. पट्टी बदलली. पुढे अजून औषधं घ्यायची होती, केस जाणार होते, किती महिने ते कोणी सांगत नव्हतं, आणि त्या सगळ्यात मी अशीच एकटी असणार होते. आर्वीची बाईसुद्धा आता सोबतीला नव्हती. मी इतकी रडले की शेवटी रडायचाही कंटाळा आला.

दुपार कलली तेव्हा डोंगरे सिस्टर हातात ट्रे घेऊन आल्या, कपाळाला आठ्या. "काकू, खाली नातेवाइकांच्या शेडमध्ये एक बाई कबसे झगडा करून राहिली. चुलीच्या जागेवरून. म्हणते माझ्या पेशंटसाठी रांधायचं आहे, सरका. तुमचं नाव सांगते."

मी म्हटलं, माझं?

थोड्या वेळानं विमल वर आली. नाकाला पदर नव्हता. पदर कमरेला खोचलेला, गालाला काजळी, हातात ताट. मागून गणपतभाऊ तिची वळकटी आणि स्टोव्ह घेऊन येत होते, ते बिचारे जिन्यात सापडले असावेत.

"स्टोव्ह वर काऊन आनला हो भाऊ? खाली ठेवा, लोक चोरतीन," ती त्यांच्यावरच ओरडली. मग ताट घेऊन माझ्याजवळ बसली.

मी म्हटलं, "तू तं म्हटलं होतं डबा बंद."

"बंदच हाय. डबा परक्या मानसाले पाठवतेत. घरच्या मानसाजवळ येऊन रांधा लागते."

"दुकान? पोरं?"

"हे पाह्यतीन. नाई पाह्यलं तं उपाशी राह्यतीन."

माझ्या तोंडून मग ते निघालंच, जे मी टाकीजवळच्या ओट्यापासून गिळत आले होते. "विमल, मी आता काही कामाची नाई राह्यली वं. कोनाच्याच कामाची नाई."

ती खिचडी कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "घरात कोनत्या दिवशी होत्या कामाच्या? सारा जन्म गावाच्याच तं कामाच्या होत्या. मले तुमचं काम कधी पडलं होतं?" आणि घास उचलला. "तोंड उघडा."

माझा उजवा हात उचलत नव्हता. डाव्या हातानं खाता आलं असतं, तसं मी रोज खातच होते.

मी तोंड उघडलं.